जमिनीतले अडीच फूट

समितीच्या बैठकीत आप्पा मिस्त्री नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसत. चाळीस वर्षे दगडाची धूळ छातीत गेलेली. खोकल्याची उबळ आली की गुपचूप बाहेर पडता येई. त्या दिवशी मात्र उबळ आली नाही आणि आप्पांना बाहेर पडण्याचे निमित्त मिळाले नाही.

स्मरणदिनाला बारा दिवस उरले होते. समितीचे अध्यक्ष मास्तर शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण त्यांचा आवाज अजून वर्गातलाच होता. त्यांनी जुनी वही उघडली, चष्मा धोतराच्या टोकाने पुसला आणि वाचले, "स्मृतिशिळेवर गावच्या सात जवानांची नावे कोरावीत व त्याखाली दोन फूट जागा मोकळी सोडावी. बावीस वर्षांपूर्वीचा ठराव आहे. आप्पा, ती जागा कुठे आहे?"

कोणीतरी हसू दाबले. जागा कुठे आहे ते सगळ्यांनाच ठाऊक होते. चौकातल्या त्या शिळेवर सातव्या नावाखाली आप्पांनी दोन इंच खोल पानाफुलांची वेल कोरून टाकली होती. बोट ठेवायला जागा नव्हती.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," आप्पा म्हणाले. "रिकामी जागा ठेवली म्हणजे आणखी माणसं मागितल्यासारखं होतं. मला ते जमलं नाही."

"तुमच्या मनाला जमलं नाही, पण आता आठवं नाव आलं ना?"

आप्पांनी मान खाली घातली. नखांत गेलेली पांढरी भुकटी ते अंगठ्याने काढू लागले.

आठवे नाव लंबूचे होते. दूधवालीचा एकुलता एक मुलगा. दारातून वाकून यावे लागे म्हणून लहानपणीच त्याला ते नाव पडले होते. फौजेतल्या कागदांवर त्याचे दुसरेच काही नाव होते, पण गावात कोणाला ते पटकन आठवत नसे. चार महिन्यांपूर्वी सरहद्दीवर तो मारला गेला.

"वेल तासून काढा की," न्हावी म्हणाला.

"दोन इंच खोल आहे. ती काढायची तर नाव खड्ड्यात पडेल."

टाइलवाला याच वाक्याची वाट पाहत होता. त्याने मोबाइलवरचा फोटो सगळ्यांपुढे फिरवला. "काळा दगड, आरशासारखा. मशीनवर अर्ध्या तासात नाव. जुन्या शिळेच्या बाजूला उभा करू. परवापर्यंत सांगितलं तर वेळेवर येईल."

फोटो फिरत फिरत कोपऱ्यात बसलेल्या दूधवालीपर्यंत गेला. तिने तो नीट पाहिला आणि परत केला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "पण वेगळा नको. टेलिफोनची तार तुटली होती ती जोडायला तो एकटाच गेला होता, असं त्याच्या साहेबांनी लिहिलंय. इथं तरी त्याला चारचौघांत राहू द्या. तेवढं बघा."

शेवटी मास्तरांनी वही मिटली. "परवापर्यंत दुसरा उपाय निघाला नाही, तर काळा दगड."

उपाय आप्पांना ठाऊक होता. ते तो सांगू शकत होते. त्यांनी सांगितला नाही.

*

घरी अंगणात त्यांची बायको भात्याजवळ बसून छिन्न्यांना पाणी देत होती. लाल झालेले टोक ती पत्र्याच्या डब्यातल्या पाण्यात बुडवी, चर्र असा आवाज होई, आणि टोकावर चढणारा रंग पाहून ती छिन्नी बाजूला ठेवी. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. टँकर तिसऱ्या दिवशी येई आणि त्यांच्या घराला चार घागरी मिळत. डब्यातले पाणी आठवडाभर तेच होते. शाईसारखे काळे झाले होते.

"काय ठरलं?" तिने विचारले.

"काळा दगड."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"जमिनीत अडीच फूट दगड आहे, तो काय मी पुरलाय?" तिने छिन्नी बुडवली. "दीड फूट वर उचलला तरी फूटभर आत राहतो. खाली काँक्रीटचा पाया भरला की झालं. हे मला भात्यापाशी बसून कळतं, आणि मिस्त्रींना कळत नाही."

"कळतं."

"कळतं तेही मला कळतं. पाखरू आहे म्हणून गप्प बसलात."

आप्पा उंबऱ्यावर बसले. ते पाखरू गावात या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. शिळेवरचे पहिले नाव आप्पांच्या धाकट्या भावाचे होते. फौजेत जाण्यापूर्वी तो त्यांच्याच हाताखाली काम शिकत होता, म्हणजे काम टाळायला शिकत होता. नावे कोरायला सांगितली की पाखरे कोरायचा. आवारात पडून असलेल्या एका लांब शिळेच्या टोकापासून दीड-दोन फुटांवर त्याने एक चिमणी कोरली होती. एक पंख मोठा, एक लहान. आप्पांनी त्याला त्यावरून दिवसभर बोलून घेतले होते. पुढे स्मृतिशिळेसाठी दगड निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी कोणालाही कारण न सांगता तोच निवडला, आणि चिमणीकडचे टोक जमिनीत घातले. भावाच्या हातचे जगात तेवढेच शिल्लक होते. आता दगड वर घ्यायचा तर नवे नाव नेमके त्या चिमणीवरून जाणार, हा हिशेब त्यांनी बैठकीत बसल्या बसल्याच केला होता.

"वेगळा दगड काही वाईट नाही," ते म्हणाले.

बायकोने भाता जोरात ओढला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दूध आणायला स्वतः गेले. एरवी लेक जाई. गोठ्यात दोनच गाई उरल्या होत्या; बाकीच्या चाऱ्यापाण्यावाचून तिने नातेवाइकांकडे पाठवल्या होत्या. भिंतीला लंबूची सायकल टेकलेली होती. तिची सीट इतकी वर होती की दुसऱ्या कोणाला ती चालवता येत नसे.

दूधवाली माप भरत म्हणाली, "भाऊजी, कालचं मनाला लावून घेऊ नका. मी उगाच बोलले. काळा तर काळा."

"वहिनी, तो ब्रश कुठे आहे?"

तिने वळचणीकडे बोट केले. लोखंडी तारांचा, झिजून वाकडा झालेला ब्रश तिथे खोचलेला होता. लंबू दर रजेला येई तेव्हा पिशवी घरात टाकून आधी हा ब्रश घेऊन चौकात जाई. सातही नावांतली माती, कोळ्यांची जाळी, पाखरांची घाण काढी आणि मग आप्पांच्या अंगणात येऊन म्हणे, "काका, तुमच्या भावाला आंघोळ घालून आलो. चहा द्या." स्मरणदिनाला फुले वाहायला गाव येत असे. उरलेल्या दिवसांत ती नावे वाचण्याजोगी ठेवणारा हा एकटाच होता. त्यासाठी आपण त्याला चहाखेरीज काहीही दिले नाही, हे आप्पांना त्या झिजलेल्या तारांकडे पाहताना उमगले. 'बरं केलंस' असेही कधी म्हटले नव्हते.

"काळा दगड आणायचा नाही," ते म्हणाले. "त्याच शिळेवर जागा आहे. जमिनीत आहे. मला काल सांगायचं धैर्य झालं नाही."

दूधवालीच्या हातातले माप भरून वाहू लागले. ती कधी थेंब सांडत नसे.

*

मास्तरांना पटवायला वेळ लागला नाही. त्यांना आकडे लागत, आणि आकडे आप्पांकडे होते. एकूण उंची साडेआठ फूट. वर सहा, आत अडीच. दीड फूट उचलायची. आत फूटभर उरेल, त्याच्याभोवती तीन फूट बाय तीन फूट पाया, मध्ये लोखंडी गज.

"पडणार नाही ना?" मास्तरांनी विचारले.

"पडली तर मी खाली असेन. ठरावात लिहून ठेवा."

खणायला दोन दिवस गेले. जमीन विटेसारखी भाजलेली होती. पहार आपटली की ती मनगटापर्यंत झिणझिण्या आणून परत येई, आणि कुदळीने एकेक कपची उडे. लेक आणि टाइलवाला आळीपाळीने खणत होते. टाइलवाल्याचा काळ्या दगडाचा धंदा बुडाला होता तरी तो आला होता. "तुमचा दगड बघायचाय आतून," असे म्हणाला. लेकीच्या तळव्यांवर फोड आले, फुटले, तिने फडके गुंडाळले. ती तीस वर्षांची होती. गेली दहा वर्षे ती बापाबरोबर काम करत होती, आणि अक्षराच्या कडा त्यांच्यापेक्षा स्वच्छ काढी. आप्पांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता हे दोघांनाही ठाऊक होते. त्यावर दोघेही बोलत नसत.

तिसऱ्या दिवशी शिळेभोवती तीन लोखंडी पायांची घोडी उभी केली, तिला साखळीची कप्पी बांधली, दगडाला पोती गुंडाळून वर दोर घेतला. आप्पा ओळंबा धरून बसले.

"हळू. एक कडी. थांबा. एक कडी."

साखळी करकरली. बावीस वर्षांनी शिळा जागची हलली तेव्हा जमा झालेल्या लोकांनी आपसूक डोक्यावरच्या टोप्या काढल्या. न्हाव्याने वस्तरा हातात घेऊनच धाव घेतली होती; अर्धी दाढी झालेले त्याचे गिऱ्हाईक गालाला साबण घेऊन शेजारी उभे होते.

माती गळून पडली. डावीकडे, कडेपासून दोन इंचांवर, चिमणी दिसली. लेक वाकून पाहू लागली.

"आप्पा, हे काय?"

"राहिलं होतं. पुढं बघू," ते म्हणाले. "आधी काँक्रीट."

*

काँक्रीट ओतल्यावर खरी अडचण पुढे आली. पाया दहा दिवस ओला राहायला हवा. सुकला तर भेगा पडणार. दिवसाला निदान चार घागरी पाणी, तेही स्वच्छ. टँकरचे पाणी पिण्यासाठी होते. समितीने ते देण्याचा ठराव केला असता तर आप्पांनीच विरोध केला असता. त्यांनी घरच्या चारांतली एक घागर काढली. बायकोने दुसरी काढली.

"आणि आपण?" लेकीने विचारले.

"आंघोळी आपण भरपूर केल्यात," बायको म्हणाली. "तुझ्या बापानं तर नको तेव्हाही केल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक पोती भिजवायला चौकात गेली आणि धावत परत आली. आप्पांनी जाऊन पाहिले. शिळेभोवती तांबे, कळश्या, प्लॅस्टिकचे डबे, एक केटली, एक औषधाची मोठी बाटली मांडून ठेवली होती. कोणते भांडे कोणाचे ते न विचारताही कळत होते. गावात कोणाच्या घरी काय आहे हे सगळ्यांना पाठ असते. सगळ्यांत लहान तांब्या मास्तरांचा होता. ते एकटे राहत, त्यांना घागरही एकच मिळे.

टँकरवाला पाणी वाटून झाल्यावर गाडी चौकात आणी, पाइप खांद्यावर घेऊन उंच धरी, आणि नळीत अडकलेले पाणी पायावर सोडी. "हे कोणाच्या वाट्याचं नाही," तो म्हणे. "हे नळीचं."

न्हावी भगुणे घेऊन आला. "आप्पा, यात साबण आहे थोडा. चालेल का?"

"पायाला चालणार नाही. ठेव तिथं, आम्ही हात धुऊ."

"दाढीचं आहे."

"मग तू धू."

तो हसला आणि सांजेपूर्वी स्वच्छ तांब्या आणून ठेवला.

आप्पा रोज प्रत्येक भांडे आपल्या हाताने पोत्यांवर ओतत, पालथे घालत, आणि जिथले तिथे ठेवत. आभार मानावेत असे त्यांना फार वाटे. भांडे पालथे घालताना ते त्याच्या बुडावर दोन बोटे टेकवत. एवढेच.

*

तीन दिवस हातोडा लावायचा नव्हता. ओला पाया हादऱ्याने सैल होतो. चौथ्या दिवशी सकाळी आप्पांनी नावाचा मसुदा कागदावर काढून आणला. दगडाची रुंदी छत्तीस इंच. नाव सव्वीस इंच. दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच. चिमणी दोन इंचांपासून सात इंचांपर्यंत होती.

त्यांनी लेकीला घरून रुंद छिन्नी आणायला पाठवले आणि स्वतः पोते अंथरून एका कुशीवर निजले. दगडाच्या तळाशी काम करायचे तर तसेच निजावे लागत होते. त्यांनी बोट फिरवले. मोठा पंख. लहान पंख. चोच. दिसत तर फारसे नव्हतेच. कोरताना धाकट्याचा हात कुठे घसरला होता ती खाच बोटाला लागली, आणि त्या दिवशी आपण त्याला काय काय बोललो ते शब्दन् शब्द आठवले.

दूधवाली पाण्याची किटली घेऊन आली होती. ती केव्हा येऊन उभी राहिली ते त्यांना कळले नाही.

"ते पाखरू कुणाचं, भाऊजी?"

"धाकट्याचं. पोरवयातलं आहे. वाकडं आहे."

"आणि आता?"

"आता तासायचं. नाव मधोमध यायला पाहिजे."

ती किटली टेकवून खाली बसली. तिने पदराने चिमणीवरचा चिखल पुसला.

"का मधोमध यायला पाहिजे?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. चाळीस वर्षांत त्यांनी एकही ओळ मध्यापासून ढळू दिली नव्हती. काटकोनाचा गुण्या आणि सुतळी घेतल्याशिवाय ते दगडाला हात लावत नसत. "वरची सातही मधोमध आहेत," ते म्हणाले.

"असू देत. लंबू कधी रांगेत मधोमध उभा राहिला नाही. शाळेच्या फोटोत बघा, कडेला आहे. मधे उभा राहिला की मागच्यांना दिसायचं नाही." तिने नाक पुसले. "मी काय म्हटलं होतं बैठकीत? एकटा नको म्हटलं होतं ना? मग सोबतीला आहे त्याला कशाला हाकलता?"

लेक छिन्नी घेऊन येऊन उभी राहिली होती. तिने पट्टी लावली. "आठ इंचांपासून सुरू केलं तर चौतिसाला संपतं. उजवीकडे दोन इंच राहतात. बसतं, आप्पा. तीन इंच सरकवायचं फक्त."

आप्पांनी कागद मागितला, मधल्या रेघेवर काट मारली आणि तीन इंचांवर दुसरी ओढली.

"छिन्नी तू धर," ते लेकीला म्हणाले. "माझ्या डोळ्याचं तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही दगड गाडला तेव्हा बोललात का?"

दूधवाली हसली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसली असावी, कारण हसल्यावर ती स्वतःच दचकली.

*

नाव साडेतीन दिवसांत कोरून झाले. लेक कुशीवर निजून कोरी, आप्पा कापडाने धूळ झाडत आणि करंगळीचे टोक अक्षरात घालून खोली पाहत. "आणखी एक घाव. बस. पुढचं." शेवटच्या अक्षराची शेवटची कड तिने त्यांच्यासाठी ठेवली होती. ती त्यांनी डोळे मिटून काढली.

स्मरणदिनाच्या सकाळी टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या बिगुलवाल्याने बिगुल वाजवला. शेवटचा सूर दरवर्षीप्रमाणे जरा फाटला आणि दरवर्षीप्रमाणे कोणाच्या ते लक्षात आले नाही. पिठाची गिरणी बंद झाली, टँकरचे इंजिन बंद झाले. दोन मिनिटे गाईच्या गळ्यातल्या घंटेखेरीज काही ऐकू आले नाही.

मग मास्तरांनी नावे पुकारली. गावाची रीत अशी होती की नाव पुकारले की त्या घरातल्या माणसाने "आहे" म्हणायचे. पहिल्या नावाला आप्पांनी "आहे" म्हटले. सातवे झाले. आठव्याला मास्तरांचा वर्गातला आवाज किंचित खाली आला.

"आहे," दूधवाली म्हणाली. चुलीपाशी असताना दारातल्या माणसाला ओ द्यावी तसे.

फुले वाहून लोक पांगू लागले. जाताना प्रत्येक जण वाकून त्या चिमणीकडे पाही आणि वाकडी आहे हे न बोलता पुढे जाई. फक्त न्हावी बोलला, "हे आमच्या दोस्ताचं काम. माझ्या पाटीवर पण असंच कोरून ठेवलं होतं त्यानं."

"तुझ्याकडे आहे ती पाटी?" आप्पांनी एकदम विचारले.

"आहे की. वस्तऱ्याला धार लावतो तिच्यावर. या कधीतरी."

दूधवाली शिळेपाशी खाली बसली होती. बसल्या जागेवरून तिचा हात थेट नावावर पोचत होता. "सगळ्यांत उंच पोरगं, आणि बसलंय सगळ्यांत खाली," ती म्हणाली. "बरं झालं. मला टाचा उंच करायला नकोत. आणि वर वेल आहे. सावलीत आहे."

"वहिनी, अजून दोन दिवस पाणी लागेल पायाला."

"मी आणीन. तुम्ही घरचं पाणी आता प्या."

तिने पिशवीतून तो झिजलेला ब्रश काढून आप्पांच्या हाती दिला. त्यांनी तो घेतला. बावीस वर्षे दर स्मरणदिनाला ते शिळेपुढे सरळ उभे राहत तेव्हा भावाचे नाव बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येई; दगड बसवताना त्यांनी माप घेतले होते ते तसेच. आज ते उभे राहिले तेव्हा डोळ्यांसमोर तिसऱ्याच घरचे नाव आले.

त्यांनी मान वर केली. नाव त्यांच्या डोक्याच्याही वर गेले होते. ब्रश तिथवर पोचवायला त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या.

"धाकटा मोठा झाला," ते म्हणाले, आणि पहिल्या अक्षरातली धूळ काढू लागले.